परदेशस्थ नोकरदारांसाठी प्राप्तिकराची दोन पंचांगे

प्रतिनिधी

परदेशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात प्राप्तिकराविषयी दोन समजुती पक्क्या बसलेल्या असतात. आपण 'एनआरआय' झालो म्हणजे भारतातील करखात्याशी आपला संबंध संपला, ही पहिली. तेथे दरमहा पगारातून कर कापलाच जातो, तेव्हा तेथेही आपल्याला वेगळे काही करावयाचे उरलेले नाही, ही दुसरी. दोन्ही समजुती अर्धवट खऱ्या आहेत आणि अर्धवट खऱ्या असल्यामुळेच त्या महाग पडतात. पुण्यातील सदनिकेचे भाडे, नाशिकच्या बँकेतील मुदत ठेव, आईवडिलांनी नावावर करून दिलेली जागा किंवा निघण्यापूर्वी सुरू केलेला म्युच्युअल फंड यांपैकी काहीही मागे राहिले असेल, तर भारतातील विवरणपत्राचा विचार दरवर्षी करावा लागतो. ज्या देशात नोकरी आहे त्या देशाचे वेळापत्रक पुन्हा वेगळे. दोन पंचांगे एकाच भिंतीवर टांगून ठेवावीत, तशी ही स्थिती असते.

वर्ष कोठे सुरू होते?

मुळात दोन देशांचे करवर्ष बहुधा जुळत नाही. भारतात १८६७ पासून सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालत आले आहे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, सिंगापूर येथे व्यक्तींच्या प्राप्तिकरासाठी जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरले जाते. ऑस्ट्रेलियात ते १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. ब्रिटनचे वर्ष ६ एप्रिलला सुरू होते. या विचित्र तारखेचे मूळ १७५२ मधील दिनदर्शिका-सुधारणेत आहे. त्या वर्षी ब्रिटनने ११ दिवस गाळले आणि पूर्वी २५ मार्चला सुरू होणारे हिशेबाचे वर्ष एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरकले, ते आजतागायत तेथेच आहे.

विवरणपत्र भरण्याच्या तारखाही तितक्याच वेगवेगळ्या. अमेरिकेत १५ एप्रिल, सिंगापूरमध्ये ऑनलाइन भरणाऱ्यांसाठी १८ एप्रिल, कॅनडात ३० एप्रिल, जर्मनीत सल्लागाराविना भरणाऱ्यांसाठी ३१ जुलै, ऑस्ट्रेलियात ३१ ऑक्टोबर आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन विवरणपत्रासाठी ३१ जानेवारी. भारतात पगार, घरभाडे, व्याज व भांडवली नफा एवढेच उत्पन्न असणाऱ्यांसाठी ती ३१ जुलै आहे. परिणामी, अमेरिकेतील अभियंत्याला एप्रिलमध्ये तेथील विवरणपत्र भरताना भारतातील ठेवींवरील व्याजाचा जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब लागतो, तर बँक त्याला एप्रिल ते मार्च असा दाखला देते. हा दाखला तसाच उतरवून काढण्याची चूक फार सर्रास होते. खातेउतारा काढून महिन्यांची फेरजुळणी करण्यास पर्याय नाही.

भारतापुरता आणखी एक बदल लक्षात ठेवावयाचा आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास 'प्राप्तिकर अधिनियम २०२५' लागू आहे. त्याआधीच्या उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या कायद्यानुसारच होतो. नव्या कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही पिढ्यान्‌पिढ्या गोंधळात पाडणारी जोडी जाऊन 'करवर्ष' हा एकच शब्द आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी निवासी कोण आणि अनिवासी कोण, याची मूळ कसोटी मात्र तीच राहिली आहे.

पारपत्र नव्हे, दिवस मोजायचे

ही कसोटी नागरिकत्वाची नसून मुक्कामाची आहे. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. त्याखेरीज वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असणारी व्यक्तीही निवासी धरली जाते. मात्र नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकास ही ६० दिवसांची अट लागत नाही. त्याच्यापुरता १८२ दिवसांचाच निकष आहे.

याचा व्यावहारिक अर्थ एका तारखेत सामावला आहे. १ एप्रिलपासून मोजू लागल्यास २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात आणि २९ सप्टेंबरला १८२. समजा, एक अभियंता नोकरीसाठी २८ सप्टेंबरपूर्वीच दुबईला रवाना झाला, तर त्या आर्थिक वर्षासाठी तो अनिवासी ठरतो आणि ऑक्टोबर ते मार्च या काळातील तेथील पगाराशी भारतीय प्राप्तिकराचा संबंध येत नाही. तोच अभियंता दसऱ्याचे कारण काढून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघाला, तर तो निवासी राहतो आणि सहा महिन्यांचा परदेशी पगार भारतात करपात्र होतो. नोकरी अमेरिकेत किंवा जर्मनीत असल्यास तेथे भरलेल्या कराची वजावट भारतात मागता येते. आखातात पगारावर करच नसल्यामुळे वजावटीला मुळी काही उरत नाही आणि भारताचा कर पूर्ण भरावा लागतो. विमानाचे तिकीट काढताना भाड्याचा विचार सारेच करतात. या तारखेचा विचार करणारे थोडेच.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांबाबत कायद्याची भाषा इतकी उदार नाही. १८२ दिवसांची सवलत 'नोकरीसाठी' जाणाऱ्यास दिलेली आहे. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विद्यापीठाकडे निघालेल्या विद्यार्थ्याचे त्या वर्षात ६० हून अधिक दिवस भारतात गेलेले असतात. त्यामुळे काटेकोरपणे पाहता पहिल्या वर्षी तो निवासीच ठरतो. सर्वसाधारण निवासी व्यक्तीने परदेशातील बँक खात्यासह सर्व मालमत्ता विवरणपत्राच्या स्वतंत्र परिशिष्टात नोंदवावी लागते आणि अशी मालमत्ता असल्यास उत्पन्न करमर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरण्याचे बंधन येते. मुलाने तेथे पोहोचताच उघडलेले बँक खाते या तरतुदीत बसते, हे ध्यानात न आलेली कुटुंबे शहरोशहरी आढळतील.

सुटीवर येणाऱ्यांचीही एक मर्यादा आहे. भेटीसाठी येणाऱ्या अनिवासी भारतीयास १८२ दिवसांपर्यंत मोकळीक असते. परंतु परदेशी उत्पन्न वगळता त्याचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. २०२० च्या वित्त कायद्याने हा बदल केला. त्याच कायद्याने १५ लाखांहून अधिक भारतीय उत्पन्न असलेल्या आणि जगात कोठेच करपात्र नसलेल्या भारतीय नागरिकास 'मानीव निवासी' ठरविले. या तरतुदीने आखातात मोठी धास्ती पसरली होती. अखेर २ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला, की आखातातील प्रामाणिक नोकरदारांच्या तेथील कमाईवर कर लावण्याचा हेतू नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच करोनामुळे विमाने थांबली आणि सुटीवर आलेले हजारो जण भारतात अडकले. त्यांचे सक्तीचे दिवस मोजणीतून वगळण्यासाठी मंडळाने मे २०२० मध्ये परिपत्रक काढले. दिवसांचा हिशेब किती निर्दय असू शकतो, हे त्या वर्षी अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

पारपत्रावरील शिक्के, विमान कंपनीचे प्रवासपत्र, व्हिसाच्या प्रती हे सारे म्हणूनच जपून ठेवणे इष्ट. पारपत्राचे नूतनीकरण झाल्यावर जुने पुस्तक टाकून देण्याची सवय करदात्याच्या हिताची नाही.

कर शून्य, कपात दीड लाख

अनिवासी भारतीयाने वेळेत विवरणपत्र भरण्याचे खरे कारण दंडाच्या भीतीपेक्षा परताव्यात आहे. निवासी व्यक्तीच्या उत्पन्नावर जेथे नाममात्र करकपात होते, तेथे अनिवासी व्यक्तीच्या उत्पन्नावर ती सर्वोच्च दराच्या जवळपास होते. निवासी व्यक्तीच्या ठेवींवर बँक वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या व्याजावर कपात करीत नाही आणि त्यापुढे १० टक्के कापते. अनिवासी व्यक्तीच्या 'एनआरओ' खात्यावर मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापले जातात. 'एनआरई' आणि 'एफसीएनआर' ठेवींवरील व्याज भारतात करमुक्त आहे, ती गोष्ट वेगळी.

घरभाड्याचेही तसेच. घरमालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कापून सरकारजमा करावयाचे असतात. कोथरूडमधील एखादी सदनिका दरमहा ४० हजार रुपये भाड्याने दिली आहे असे धरू. वर्षाचे भाडे ४ लाख ८० हजार होते आणि कपात १ लाख ४९ हजार ७६० रुपये. आता करआकारणीत भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. म्हणजे करपात्र उत्पन्न ३ लाख ३६ हजार उरते. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. दुसरे उत्पन्न नसेल, तर या घरमालकाचा देय कर शून्य आहे आणि जवळपास दीड लाख रुपये सरकारकडे पडून आहेत. ते परत मिळविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे विवरणपत्र. अनेक भाडेकरूंना या कपातीची कल्पनाच नसते आणि मालकही ती करून देत नाही. मग नोटीस येते ती बिचाऱ्या भाडेकरूला.

घर विकतानाची रक्कम याहून मोठी. २३ जुलै २०२४ पासून स्थावर मालमत्तेच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्यापूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय निवासी व्यक्तींना ठेवला गेला. अनिवासींना तो नाही. ६० लाखांना घेतलेली सदनिका काही वर्षांनी १ कोटीला विकली, तर नफा ४० लाखांचा आणि कर ५ लाख व उपकर इतका होतो. परंतु खरेदीदाराला नफ्याचा आकडा ठरविण्याचा अधिकार नसल्यामुळे तो बहुधा संपूर्ण किमतीवर कपात करतो, ती १२.५ लाख, शिवाय अधिभार व उपकर अशी जाते. उरलेली रक्कम विवरणपत्राची छाननी होऊन परतावा येईपर्यंत अडकून राहते. हे टाळण्यासाठी व्यवहारापूर्वीच करअधिकाऱ्याकडून कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र मिळविता येते. ते मिळण्यास वेळ लागतो, आणि सुटीचे तीन आठवडे घेऊन घर विकायला आलेल्याजवळ नेमका तोच नसतो. उलट प्रकारही घडतो. विक्रेता अनिवासी असल्याचे खरेदीदाराला ठाऊक नसते आणि तो निवासी विक्रेत्याप्रमाणे १ टक्काच कापतो. उरलेली कपात, व्याज आणि दंड यांची जबाबदारी मग त्या खरेदीदारावर येते.

१२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, ही २०२५ च्या अर्थसंकल्पातील घोषणा परदेशातही आनंदाने वाचली गेली. ती सूट ज्या करसवलतीमुळे मिळते ती केवळ निवासी व्यक्तींसाठी आहे. अनिवासीला ४ लाखांपुढे नेहमीच्या टप्प्यांनी कर लागतो. शेअर वा म्युच्युअल फंडाच्या अल्पकालीन नफ्यावरील २० टक्के कर तर त्याला पहिल्या रुपयापासून द्यावा लागतो, कारण उत्पन्नाची किमान करमुक्त मर्यादा या नफ्यासाठी वापरण्याची मुभा निवासींनाच आहे. जुन्या प्रणालीतील ज्येष्ठ नागरिकांची वाढीव मर्यादाही अनिवासींना मिळत नाही.

विवरणपत्राचा नमुना निवडतानाही चूक होते. पगारदारांच्या ओळखीचा 'सहज' म्हणजे आयटीआर-१ अनिवासींना वापरता येत नाही. त्यांच्यासाठी साधारणपणे आयटीआर-२, आणि व्यवसायाचे उत्पन्न असल्यास आयटीआर-३ असतो.

तारीख चुकली तर

३१ जुलै उलटल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. त्यासाठी ५ हजार रुपये शुल्क पडते. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १ हजार. कर देय असेल तर दरमहा १ टक्का व्याज निराळे. रकमा पाहता हे फार वाटत नाही. खरा तोटा इतरत्र होतो. शेअर व्यवहारातील तोटा पुढील वर्षांत ओढण्याचा हक्क मुदत चुकताच जातो. जुनी करप्रणाली निवडण्याची संधीही पगार, भाडे, व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना मुदतीत विवरणपत्र भरले तरच मिळते. गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्यांना ही बाब जाणवते.

३१ डिसेंबरही हुकला, तर 'अद्ययावत विवरणपत्र' उरते. त्याची मुदत २०२५ मध्ये २४ महिन्यांवरून ४८ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. पण हा दरवाजा जादा कर भरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, परतावा मागणाऱ्यांसाठी नव्हे. वर उल्लेखिलेल्या सदनिकेच्या मालकाने डिसेंबर चुकविला, तर त्याचे दीड लाख रुपये विलंबमाफीच्या अर्जावर अवलंबून राहतात, आणि असा अर्ज मंजूर करणे हा खात्याच्या विवेकाचा भाग आहे.

मुदतवाढीच्या आशेवर बसण्याची सवयही काहींना लागली आहे. करोनाकाळातील दोन वर्षे मुदत अनेक महिन्यांनी वाढली होती, आणि २०२५ मध्ये ती आधी १५ सप्टेंबरपर्यंत व शेवटच्या क्षणी आणखी एका दिवसाने वाढली. परंतु २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षी ३१ जुलै ही तारीख हललेली नाही.

यजमान देशाचा हिशेब

अमेरिकेत ग्रीनकार्डधारक आणि पुरेसा मुक्काम झालेले एच-१बी धारक यांना जगभरातील उत्पन्न तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतात करमुक्त असलेले 'एनआरई' ठेवीवरील व्याज अमेरिकेत करपात्र आहे, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. भारतीय म्युच्युअल फंडांची तेथे स्वतंत्र आणि कटकटीची आकारणी होते. प्रत्येक फंडासाठी वेगळा नमुना भरण्याची वेळ येते. याशिवाय भारतासह परदेशातील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल, तर 'एफबार' हे निवेदन द्यावे लागते. वडिलांसोबतचे संयुक्त खातेही त्यात मोजले जाते. हे करपत्रक नव्हे, केवळ माहिती आहे. तरी ते न देण्याचा दंड कराहून कितीतरी मोठा असू शकतो.

अमेरिकेतील मुदतीविषयी एक गैरसमज विशेष प्रचलित आहे. १५ एप्रिलपूर्वी अर्ज केल्यास विवरणपत्रासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, आणि अमेरिकेबाहेर राहून काम करणारे नागरिक व ग्रीनकार्डधारक यांना अर्जाविनाच १५ जूनपर्यंत सवलत असते. पुण्यात परतून अमेरिकी कंपनीचे काम करणारे ग्रीनकार्डधारक या दुसऱ्या गटात येतात. मात्र ही वाढ कागद भरण्यासाठी आहे, पैसे भरण्यासाठी नाही. व्याज १५ एप्रिलपासूनच सुरू होते. विवरणपत्रच न भरल्यास थकीत कराच्या ५ टक्के दरमहा, कमाल २५ टक्क्यांपर्यंत दंड होतो. विवरणपत्र भरून कर थकविल्यास तो दरमहा अर्धा टक्का असतो. खिशात पैसे नसले तरी कागद वेळेत द्यावा, हा तेथील व्यवहाराचा मथितार्थ या दोन आकड्यांत आहे.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सहसा तेथे अनिवासी धरला जातो आणि त्याने अनिवासींचा नमुना भरावयाचा असतो. उत्पन्न शून्य असले तरी ८८४३ क्रमांकाचे निवेदन द्यावेच लागते. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तेथील प्रमाणित वजावटही मिळते. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. लोकप्रिय सॉफ्टवेअर वापरून निवासींचा नमुना भरण्याची चूक पहिल्याच वर्षी होते आणि पुढे व्हिसाच्या कागदपत्रांत ती डोके वर काढते.

ब्रिटनमध्ये पगारातून कर कापला जात असल्याने बहुतेक नोकरदारांना विवरणपत्राची गरज नसते. गरज असूनही न भरणाऱ्याला ३१ जानेवारीनंतर तत्काळ १०० पौंड दंड होतो, कर शून्य असला तरीही. ६ एप्रिल २०२५ पासून तेथे नवी व्यवस्था आली आहे. आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनबाहेर राहून आलेल्यास पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मिळू शकते. पण ती विवरणपत्रात मागावी लागते, आपोआप मिळत नाही. सिंगापूरमध्ये नोकरी सोडून निघणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याचे देणे करखात्याकडून चुकते होईपर्यंत मालकाने रोखून धरावयाचे असते, त्यामुळे शेवटचा पगार हाती पडण्यास विलंब झाला तर दचकण्याचे कारण नाही.

भारताने ९० हून अधिक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार केले आहेत. करारातील सवलतीचा दर हवा असेल, तर ज्या देशात राहतो तेथील 'कर-निवासी' असल्याचा दाखला लागतो. तो देणाऱ्या खात्यांची स्वतःची गती असते. जुलैमध्ये मागितलेला दाखला जुलैमध्ये हाती येईलच असे नाही.

दर्यावर्दी आणि 'ऑनसाइट'

कोकणातील आणि गोव्यातील अनेक घरांचा संसार जहाजावरील नोकरीवर चालतो. परदेशगामी जहाजावरील खलाशी वा अधिकारी १८२ दिवसांचा निकष पूर्ण करून अनिवासी ठरला, तर भारताबाहेर केलेल्या सेवेचा पगार केवळ भारतातील 'एनआरई' खात्यात जमा झाला म्हणून तो करपात्र होत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये परिपत्रकाद्वारे स्पष्ट केले. ही सवलत खलाशांपुरती आहे. पुणे वा मुंबईतील कंपनीने काही महिन्यांसाठी परदेशी धाडलेल्या संगणक अभियंत्याचा पगार भारतातील खात्यातच जमा होत राहिला, तर तो 'भारतात प्राप्त' झाल्याचा मुद्दा करअधिकारी उपस्थित करू शकतो. पगाराचे खाते कोणते असावे, हा प्रश्न निघण्यापूर्वीच कंपनीच्या वित्त विभागाला विचारलेला बरा.

परतल्यानंतर

कायमचे परतणाऱ्यांना कायदा थोडा अवधी देतो. आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा मागील सात वर्षांत ७२९ वा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेली व्यक्ती 'निवासी, परंतु सर्वसाधारण निवासी नव्हे' या वर्गात येते. या काळात परदेशात उगम पावलेले उत्पन्न भारतात करपात्र नसते आणि परदेशी मालमत्तेचे परिशिष्टही भरावे लागत नाही. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना ही सूट साधारणपणे दोन ते तीन वर्षे मिळते. परदेशातील शेअर वा घर विकावयाचे असल्यास ते या मुदतीत उरकणारे चतुर ठरतात.

ती मुदत संपली की परिशिष्ट आले. त्यात आकडे आर्थिक वर्षाचे नव्हे, कॅलेंडर वर्षाचे द्यावयाचे असतात. मालमत्ता न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसाविरोधी कायद्यान्वये १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकत्रित २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून वगळण्यात आले आहे. नोंद करण्याचे बंधन मात्र कायम आहे. अमेरिकेशी २०१५ मधील करारानुसार आणि इतर देशांशी २०१७ पासून खात्यांची माहिती आपोआप देवाणघेवाणीत येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने अशी माहिती हाती असलेल्या करदात्यांना संदेश पाठवून विवरणपत्र दुरुस्त करण्यास सुचविले होते. परदेशात भरलेल्या कराची वजावट मागणाऱ्याने विवरणपत्राबरोबरच त्यासाठीचे स्वतंत्र निवेदनही भरावयाचे असते; १९६१ च्या कायद्याखाली ते 'फॉर्म ६७' या नावाने ओळखले जाते.

शेवटचे तीस दिवस

विवरणपत्र संकेतस्थळावर चढविले म्हणजे काम संपले, असे नाही. १ ऑगस्ट २०२२ पासून त्याची पडताळणी ३० दिवसांत करावी लागते. तीस दिवस उलटून केलेली पडताळणी ज्या दिवशी होते तोच विवरणपत्राचा दिनांक धरला जातो, आणि जुलैमध्ये भरलेले विवरणपत्र कागदोपत्री सप्टेंबरचे ठरते. सर्वांत सोपा मार्ग आधारशी जोडलेल्या भारतीय मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचा. परंतु तो मोबाइल क्रमांकच अनेकांनी परदेशी जाताना बंद केलेला असतो. अशांनी बँकेच्या नेटबँकिंगमधून किंवा आधी प्रमाणित करून घेतलेल्या बँक अथवा डीमॅट खात्यामार्फत पडताळणी करावी. स्वाक्षरी केलेली पोचपावती बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठविण्याची सोयही आहे. परदेशातून येणाऱ्या टपालाला लागणारे दिवस त्या तीस दिवसांत बसवावे लागतात. व्यक्ती भारताबाहेर असल्यास वैध मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती तिच्या वतीने पडताळणी करू शकते. सांगली-साताऱ्यात राहणाऱ्या आईवडिलांच्या नावे असे मुखत्यारपत्र करून ठेवण्याची पद्धत म्हणूनच रूढ होत आहे.

पॅनची स्थितीही जुलैपूर्वी तपासून घ्यावी. अनिवासींना पॅन-आधार जोडणीतून सूट आहे. पण खात्याच्या नोंदीत ते अद्याप 'निवासी' असल्यामुळे १ जुलै २०२३ नंतर अनेकांचे पॅन निष्क्रिय झाले आणि परतावे अडकले. नोंद बदलण्यासाठी संबंधित करअधिकाऱ्याकडे पारपत्राच्या प्रतीसह अर्ज करावा लागतो.

आखातातील नोकरदारांना यजमान देशाचे पंचांग आजवर पाहावे लागले नव्हते. ओमानने ती स्थिती बदलली आहे. १ जानेवारी २०२८ पासून तेथे वर्षाला ४२ हजार रियालहून अधिक उत्पन्नावर ५ टक्के वैयक्तिक प्राप्तिकर लागू करण्याचा आदेश २०२५ मध्ये निघाला असून, असा कर आणणारा तो आखाती सहकार्य परिषदेतील पहिला देश आहे.